इमाम रझांचा मृत्यू : संशयाला पुरावा म्हणू नये आणि अफवाही म्हणू नये

अली इब्न मूसा, म्हणजे बारा इमाम मानणाऱ्या शिया परंपरेतले आठवे इमाम रझा, इसवी सन ८१८ मध्ये खुरासानातल्या तूसजवळ वारले. ज्या सनाबाद गावात त्यांचे दफन झाले तिथे आज इराणमधले मशहद शहर उभे आहे. ते कसे गेले, यावर बाराशे वर्षे वाद आहे, आणि तो आज ज्या रीतीने घातला जातो ती रीत मला अत्यंत सदोष वाटते. एक बाजू म्हणते, अब्बासी खलिफा मामूनने त्यांना विष दिले ही सिद्ध गोष्ट आहे आणि शंका घेणारा पैगंबरांच्या घराण्याचा द्वेष्टा आहे. दुसरी बाजू म्हणते, जुना इतिहासकार तबरी याने स्वच्छ लिहून ठेवले आहे की द्राक्षे जास्त खाल्ल्याने ते गेले. विषाची गोष्ट शियांनी मागाहून रचली. दोघेही आपापल्या सोयीचे एकेक वाक्य उचलतात आणि तेवढ्यावर खटला निकाली काढतात. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. विषप्रयोग सिद्ध झालेला नाही आणि हाती असलेल्या साधनांवरून तो सिद्ध होण्याजोगाही नाही. पण संशय जुना आहे, रास्त आहे आणि तो कोणा एका पंथाची मिरास नाही. याच्यापुढे जाऊन जो ठामपणे बोलतो, मग तो कोणत्याही बाजूचा असो, तो पुराव्याच्या आधाराने बोलत नाही.

आधी प्रसंग नीट समजून घेऊ, कारण या वादात तोच सर्वांत कमी सांगितला जातो. हारून अल-रशीद ८०९ मध्ये वारला आणि त्याच्या मुलांत, अमीन आणि मामून यांच्यात, यादवी पेटली. ८१३ मध्ये राजधानी बगदाद पडली, अमीन मारला गेला आणि मामून निर्वेध खलिफा झाला. तरी तो बगदादला गेला नाही. दूर खुरासानातल्या मर्वमध्येच राहून त्याने आपला वजीर फजल इब्न सहल याच्या सल्ल्याने कारभार चालवला. मग ८१७ च्या मार्चमध्ये त्याने सगळ्या साम्राज्याला चकित करणारी गोष्ट केली. मदिनेहून बोलावून आणलेल्या अली इब्न मूसांना त्याने आपला वारस जाहीर केले. अब्बासी घराण्याचा काळा रंग काढून हिरवा आणला, नाण्यांवर त्यांचे नाव घातले, आपली मुलगीही त्यांना दिली. ज्या अली-वंशजांना, म्हणजे पैगंबरांचे जावई अली यांच्या वंशातल्या लोकांना, अब्बासींनी दोन पिढ्या तुरुंगात डांबले, पळवून लावले, मारले, त्यांच्यातल्या सर्वांत आदरणीय पुरुषाच्या हाती पुढची खिलाफत जाणार, असा याचा अर्थ होता. मामूनचा हेतू काय असावा? अपराधाची बोचणी, नवसासारखे वचन, अली-वंशजांची बंडे शमवण्याची चाल, वजिराचा दबाव, अशी सगळी उत्तरे दिली गेली आहेत. एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही: वारस खलिफापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठा होता. शिया परंपरा सांगते की इमामांनी हे पद नाइलाजाने घेतले आणि राज्यकारभारात हात घालणार नाही अशी अट घातली. वयाचा हा हिशेब पाहिला की ती परंपरा मला अगदी पटण्याजोगी वाटते.

बगदादमधल्या अब्बासींनी हे मुळीच सहन केले नाही. त्याच वर्षीच्या जुलैत त्यांनी मामूनचा काका इब्राहिम याला खलिफा म्हणून बसवले. इराकातली ही धामधूम फजलने मामूनपासून लपवून ठेवली होती आणि ती खरी परिस्थिती मामूनच्या कानावर घालणारे खुद्द इमाम रझाच होते, असे तबरी लिहितो. तुमच्या आप्तांना माझी नेमणूक खुपते आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. मामून बगदादकडे निघाला. वाटेत सरख्स येथे, ८१८ च्या फेब्रुवारीत, फजलचा हमामखान्यात खून झाला. मारेकरी पकडले गेले आणि मामूनच्या तोंडावर म्हणाले की तूच आम्हाला हुकूम दिला होतास. मामूनने त्यांची डोकी उडवली, ती फजलच्या भावाकडे पाठवली, सोबत दुखवट्याचे पत्र दिले आणि फजलची जागा त्याच भावाला दिली. पुढे सुमारे सात महिन्यांनी, त्याच वाटेवर तूसला, वारसही गेला. मामूनने त्यांना आपल्या बापाच्या, हारूनच्या, कबरीजवळ पुरले आणि बगदादला पत्र धाडले: ज्याच्या नेमणुकीवरून तुम्ही रागावला होता तो आता राहिला नाही, तेव्हा परत आज्ञेत या. बगदादकरांनी अतिशय उद्धट उत्तर पाठवले, तरी वर्षभरात, ८१९ च्या ऑगस्टमध्ये, मामून राजधानीत शिरला. शिरताना अंगावर हिरवा पोशाख होता. थोड्याच दिवसांत काळा परत आला.

हे सगळे ओळीने मांडले की कोणाच्याही मनात पाल चुकचुकते. पण मनात पाल चुकचुकणे आणि गुन्हा शाबीत होणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि इथेच मला विषाचा इन्कार करणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा मान्य केला पाहिजे. तबरी हा दरबारी भाट नव्हे. फजलच्या मारेकऱ्यांनी खलिफावर केलेला आरोप ज्याने जसाच्या तसा नोंदवला, त्याने इमामांच्या बाबतीत विषाचा ब्रही का काढू नये? त्याला लपवायचेच असते तर आधीचे प्रकरणही लपवता आले असते. शिवाय पन्नाशीतला माणूस, महिनोन्महिने चाललेला प्रवास, फळांचा हंगाम, अचानक दुखणे: त्या काळी अशी माणसे रोज मरत. हारून स्वतः याच तूसमध्ये, असाच वाटेत आजारी पडून मेला, आणि त्याच्या मृत्यूसाठी कोणाला विष शोधावे लागत नाही. तिसरा मुद्दा हेतूचा. ज्याचा फायदा झाला त्यानेच केले, असे म्हणायला लागलो तर इतिहासातला जवळजवळ प्रत्येक वारस खुनी ठरेल.

हे मुद्दे वजनदार आहेत. पण त्यांतून निघते काय? तबरीची नोंद दोन-तीन ओळींची आहे आणि ती ‘असे सांगितले गेले आहे’ या शब्दांनी सुरू होते: मामून तूसला आला, बापाच्या कबरीपाशी काही दिवस राहिला, मग अली इब्न मूसांनी द्राक्षे खाल्ली, फार खाल्ली आणि अचानक ते गेले. साक्षीदाराचे नाव नाही, दुखण्याचे वर्णन नाही. फजलच्या प्रकरणी मारेकरी जिवंत सापडले आणि दरबारात सर्वांदेखत बोलले, म्हणून तबरीकडे नोंदवायला काहीतरी होते. विष देणारा दरबारात उभा राहून बोलत नसतो. तेव्हा तबरीच्या मौनावरून फार तर इतकेच म्हणता येते की त्याच्यापर्यंत उघड आरोप आला नाही, किंवा आलेला त्याला नोंदवण्याजोगा वाटला नाही. त्याच्यानंतर तीसएक वर्षांनी वारलेला इतिहासकार मसूदी हीच द्राक्षांची हकीकत देतो आणि लगेच जोडतो: ती विषारी होती असेही म्हणतात. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी लोकांच्या तोंडी होत्या.

आणि मुळात ‘द्राक्षे खाऊन गेले’ हे तटस्थ, निरागस, आपोआप खरे मानण्याजोगे विधान आहे, असे आपण का धरून चालतो? ज्याच्या ताब्यात माणूस होता, ज्याच्या छावणीत तो मेला, ज्याला त्याच्या मरणाचा उपयोग झाला, त्याच्याच छावणीतून बाहेर आलेली ही हकीकत आहे. एकोणीस वर्षे मागे जाऊ. इमाम रझांचे वडील मूसा काझिम ७९९ मध्ये बगदादच्या तुरुंगात वारले. पहारा सिंदी इब्न शाहिक याचा होता. जुना ग्रंथकार अबुल फरज इस्फहानी सांगतो की मृत्यूनंतर फकीह, म्हणजे धर्मशास्त्री, आणि शहरातली बडी माणसे बोलावून त्यांना देह दाखवण्यात आला, अंगावर जखमेची खूण नाही याची साक्ष घेण्यात आली आणि मग तो देह बगदादच्या पुलावर ठेवून दवंडी पिटण्यात आली की हे बघा, हे नैसर्गिक मरणाने गेले. कैद्याच्या मृत्यूनंतर इतकी खटपट राजसत्ता का करते? मुलाच्या वेळीही तसेच झाल्याचे सांगतात: मामूनने मृत्यूची बातमी एक दिवस आणि एक रात्र दाबून ठेवली, मग इमामांचे चुलते मुहम्मद इब्न जाफर आणि बरोबरचे अली-वंशज यांना बोलावून देह शाबूत असल्याचे दाखवले. ही हकीकत शिया बाजूच्या वृत्तांतांतून येते, म्हणून तिला तेवढीच सावधगिरी लावली पाहिजे. पण राज्यकर्त्याच्या हकीकतीला शून्य सावधगिरी आणि दुबळ्याच्या हकीकतीला शंभर, हा न्याय कुठला? जिथे मरणारा आणि सत्ता यांच्यात दुसरा कोणी नसतो, तिथे सत्तेचे म्हणणे हेही एका पक्षकाराचेच म्हणणे असते. आजच्या कोठडीतल्या मृत्यूंना आपण हे तत्त्व लावतो. नवव्या शतकाला ते लावायला काय हरकत आहे?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिथेही कमी घाई नाही. विषाच्या ज्या तपशीलवार कथा आज व्यासपीठांवरून सांगितल्या जातात त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एका कथेत अब्दुल्ला इब्न बशीर नावाचा सेवक सांगतो की मामूनने मला नखे वाढवायला सांगितले, चिंचेसारखा एक पदार्थ हातांनी मळायला लावला आणि मग त्याच हातांनी डाळिंबाचा रस काढून इमामांना द्यायला लावला. दुसऱ्या कथेत द्राक्षे आहेत: इमामांना ती आवडत, म्हणून देठांच्या जागी सुया खुपसून काही दिवस ठेवल्या, मग सुया काढून द्राक्षे खाऊ घातली. तिसरीकडे इतिहासकार याकूबी, जो तबरीच्याही आधीचा आणि अली-वंशजांकडे स्पष्ट कल असलेला, म्हणतो की अली इब्न हिशाम याने विषारी डाळिंब दिले असे सांगतात; आणि त्याच याकूबीच्या पानावर मामून उघड्या डोक्याने जनाज्यामागे चालतो आणि तीन दिवस कबरीपाशी मीठभाकरीवर राहतो. फळ कोणते, हात कोणाचा, हुकूम कोणाचा, सगळेच बदलते. विष देण्याचा हुकूम पाळणारा सेवक आपली नखे किती वाढवली होती हे पुढे कोणाला आणि का सांगेल, हा साधा प्रश्नही कोणी विचारत नाही. रोमहर्षक बारकावा म्हणजे पुरावा नव्हे. उलट अनेकदा तो नंतरच्या सांगणाऱ्याची खूण असतो.

पण बारकावा पडला म्हणजे सगळी गोष्टच पडली, असेही नाही, आणि मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. त्याबद्दल पहिल्यांदा प्रत्येकाच्या तोंडी काय येते? आनंदीबाईने केलेला ‘ध’चा ‘मा’. आनंदीबाईने अक्षर बदलले हे काही सिद्ध झालेले नाही. पण ती कथा बाजूला काढली म्हणून खून नाहीसा होत नाही, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांवर ठेवलेला ठपकाही पुसला जात नाही. फरक एवढाच आणि तो मोठा आहे, की नारायणरावांचा खून दिवसाढवळ्या झाला, तर तूसचा मृत्यू बंद तंबूआड. म्हणून तिथे आपण खून म्हणू शकतो आणि इथे संशय म्हणून थांबावे लागते. सुयांची कथा कच्ची आहे, म्हणून मामून निर्दोष, हा युक्तिवाद मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच फसवा आहे.

या सगळ्या वादातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे सत्य असे की बाजू पंथांप्रमाणे पडतच नाहीत. इब्न हिब्बान हा दहाव्या शतकातला सुन्नी हदीसपंडित. हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने आणि आठवणी, कथन करणाऱ्यांची विश्वासार्हता तपासणे हेच त्याचे काम. तो लिहितो की अली इब्न मूसा मामूनने पाजलेल्या पेयाने तूसला मेले. ‘म्हणतात’ नाही, ‘असे ऐकिवात आहे’ नाही. आणि तोच इब्न हिब्बान सांगतो की तूसला असताना मी कितीतरी वेळा त्यांच्या कबरीच्या दर्शनाला गेलो आणि माझी संकटे दूर झाली. दुसरा सुन्नी इतिहासकार इब्न अल-असीर विषाची वदंता नोंदवून म्हणतो की मला हे असंभव वाटते. तिकडे शिया विद्वानांत शेख मुफीद, मृत्यू १०२२, हे आपल्या चरित्रग्रंथात विषाच्या कथा देतात. पण श्रद्धेच्या प्रश्नावर काटेकोर लिहिताना ते इमामांची वर्गवारी करतात: अली, हसन आणि हुसेन यांची हत्या निश्चित, मूसा काझिम यांना विष दिले गेले, रझांच्या बाबतीत मन तिकडे झुकते पण शंका उरते, आणि बाकीच्यांच्या बाबतीत तसे म्हणायला काही मार्ग नाही. तेराव्या शतकात इब्न ताऊस, ज्यांच्या प्रार्थना शिया घरांत आजही म्हटल्या जातात, मामूनने विष दिले हे मानत नव्हते. आता सांगा, सुन्नी इब्न हिब्बान शिया प्रचारक होता का? आणि इब्न ताऊस पैगंबरांच्या घराण्याचे शत्रू होते का? हा वाद शिया-सुन्नी म्हणून मांडणाऱ्यांनी हे वाचलेले नाही, किंवा वाचून बाजूला ठेवले आहे. दोन्हींतले दुसरे अधिक वाईट.

मामूनच्या बाजूने एक भावनिक मुद्दा नेहमी येतो आणि तो मी हलक्याने घेत नाही. त्याचा अली-वंशजांविषयीचा ओढा दिखाऊ असता तर इमामांच्या मृत्यूनंतर तो संपायला हवा होता. तो संपला नाही. त्याने आपली दुसरी मुलगी इमामांचे पुत्र मुहम्मद जवाद यांना दिली आणि पुढे ८२७ मध्ये अलींचे श्रेष्ठत्व जाहीर केले. जनाज्यात तो खरेच रडला असेल. पण राजकारणात अश्रू आणि हुकूम एकाच डोळ्यांखालून, एकाच हातून निघू शकतात, हे मामूनच्या बाबतीत आपल्याला दुसरीकडूनही दिसते. फजलच्या भावाला त्याने लिहिलेला दुखवटा आठवा. किंवा ताहिर पाहा. ताहिर हा बगदाद जिंकून देणारा सेनापती, मामूनचे सिंहासन त्याच्या तलवारीवर उभे. ८२२ मध्ये खुरासानचा सुभेदार असताना त्याने शुक्रवारच्या खुतब्यातून, म्हणजे नमाजाच्या प्रवचनातून, खलिफाचे नाव गाळले आणि लगोलग तो मेला. लोकांनी विष म्हटले, काहींनी ताप म्हटले. मामूनने सुभेदारी ताहिरच्याच मुलाला दिली. फजलची जागा भावाला, ताहिरची जागा मुलाला, रझांच्या मुलाला आपली मुलगी. कृपेचा आणि काट्याचा हा एकत्र हिशेब पाहिल्यावर ‘त्याचे त्यांच्यावर प्रेम होते, म्हणून त्याने मारले नसेल’ हे वाक्य मला तोकडे वाटते. विल्फर्ड माडेलुंग यांच्यासारखा साक्षेपी आधुनिक इतिहासकारही वजीर आणि वारस यांच्या लागोपाठच्या मृत्यूंमागे मामूनचा हात असल्याचा दाट संशय व्यक्त करतो, कारण हे दोघे जिवंत असताना बगदादशी समेट होणे जवळपास अशक्य होते. तो संशयच म्हणतो, निवाडा देत नाही, आणि ती मर्यादा मला योग्य वाटते.

यावर एक आक्षेप राहतो, आणि तो मला सर्वांत आदराने ऐकावासा वाटतो. भाविक म्हणतो: आम्ही सफर महिन्याच्या अखेरीस शोक करतो, ज्या शहादतीवर आमचा शोक उभा आहे तिच्याकडे तुम्ही कागदपत्रांच्या चष्म्यातून पाहता, हे निर्दय नाही का? मला तसे वाटत नाही. ज्या माणसाला त्याच्या घरातून, मदिनेहून, दूर खुरासानात नेले गेले, ज्याला नको असलेले पद गळ्यात मारले गेले, ज्याचा बाप याच घराण्याच्या तुरुंगात मेला होता, आणि ज्याला अखेर त्या बापाला कैद करणाऱ्या हारूनच्या शेजारीच माती मिळाली, त्याच्यासाठी शोक करायला विषाचा दाखला कशाला लागतो? ज्यांना इमामांनी स्वतः गौरवले होते त्या दिअबिल या कवीने तूसच्या दोन कबरींवर लिहिले: एक सर्वांत भल्या माणसाची, दुसरी सर्वांत वाईट माणसाची, आणि भल्याच्या शेजाराने वाइटाला काही लाभ नाही. या कवितेतला राग खरा आहे आणि त्याला द्राक्षांची किंवा डाळिंबाची गरज नाही.

भक्तीला शंकेने इजा होते असे मानणाऱ्यांनी अली इब्न ईसा इरबिली यांचे उदाहरण पाहावे. तेराव्या शतकात बगदादमध्ये राहून त्यांनी इमामांच्या चरित्रांवर अत्यंत प्रेमाने भरलेला मोठा ग्रंथ लिहिला. त्यात रझांच्या प्रकरणी ते विषाच्या कथा देतात आणि मग म्हणतात की मला हे पटत नाही: मामूनने त्यांना वारस केले, मुलगी दिली; आणि द्राक्षांत सुया खुपसल्याने ती विषारी होतात याला वैद्यकाचा आधार नाही. सुयांवरचा हा आक्षेप कोणा विरोधकाचा नाही, इमामांच्या एका निस्सीम चाहत्याचा आहे. शिया परंपरेने त्यांचा ग्रंथ टाकून दिला नाही. सतराव्या शतकात अल्लामा मजलिसींनी आपल्या विशाल संग्रहात इरबिलींचे हे म्हणणे उतरवून घेतले आणि मग त्याचा प्रतिवाद केला. मजलिसींना विषप्रयोग खरा वाटत होता, इरबिलींना वाटत नव्हता, आणि दोघांचेही म्हणणे आज त्याच संग्रहात एकमेकांशेजारी वाचायला मिळते.